पुसट झेरॉक्स

सगळं हॉस्पिटल त्यांना ‘पाकीटवाल्या सिस्टर’ म्हणायचं आणि त्यांना ते अजिबात आवडायचं नाही. ‘पाकीटमार म्हटल्यासारखं वाटतं,’ असं त्या म्हणायच्या. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. लिफ्टवाला, कपडे धुणारी माणसं, रक्त तपासणाऱ्या मुली, सगळे तेच म्हणत, आणि शेवटी सिस्टरही त्या हाकेला ओ द्यायला लागल्या.

मुलांच्या रक्ताच्या आजारांचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता. बावीस खाटा, मध्ये काचेचा आडोसा, बाहेर लांब बाकडं. सिस्टर तिथं एकोणीस वर्षं होत्या. कुठल्या पोराला सुई डाव्या हातात चालते, कुठल्या बापाला रक्त बघितलं की भोवळ येते, कुठली आई डॉक्टरांसमोर ‘समजलं’ म्हणते आणि बाहेर आल्यावर ‘काय म्हणाले हो?’ असं विचारते, हे त्यांना तोंडपाठ होतं. नियमाला त्या एकदम पक्क्या. भेटीची वेळ संपल्यावर खुद्द मोठ्या डॉक्टरांच्या मेव्हण्याला त्यांनी जिना दाखवला होता. घरीही तोच खाक्या. नवरा वजनं-मापं तपासणाऱ्या खात्यात, दुकानादुकानांतून तराजू बघत हिंडणारा आणि दुकानदाराचा साधा चहाही न पिणारा. त्यांचा मुलगा म्हणायचा, आमच्या घरात मांजरसुद्धा दूध विचारून पितं.

अशा बाईच्या हातून ते झालं. एखाद्या लबाड माणसाच्या हातून झालं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतंच.

पाकिटांची गोष्ट अशी. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर एक जुनं औषध होतं. त्यानं दहांतली चार-पाच मुलं घरी जायची. बाकीच्यांचं काय व्हायचं ते सिस्टरांनी एकोणीस वर्षं बघितलं होतं. मग नवं औषध आलं, जास्त जोरकस. ते जुन्यापेक्षा खरंच बरं आहे का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून चार हॉस्पिटलांनी मिळून ट्रायल काढली. निम्म्या मुलांना जुनं, निम्म्यांना नवं. कुणाला काय, हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, आईबापांनीही नाही. चिठ्ठीनं ठरायचं. माणसाच्या हातात दिलं की माणूस आवडत्याला चांगलं देतो आणि मग हिशोब फसतो, असं मोठे डॉक्टर सांगायचे. ते बारीक आवाजाचे, सरळ गृहस्थ होते. कुणी आई ‘तुम्हाला काय वाटतं?’ म्हणाली की ते म्हणायचे, ‘मला माहीत असतं तर ही ट्रायल केलीच नसती.’

दूरच्या कुठल्यातरी ऑफिसातून एकशेवीस बंद पाकिटं आली. वर ओळीनं आकडे, आत एकेक घडी घातलेलं कार्ड. सिस्टरांनी ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घातली, डबा कपाटात ठेवला आणि किल्ली स्वतःच्या खिशात. नियम साधा होता. आईबापांनी संमतीपत्रावर सही केली, कागद पुरे झाले, की औषधवाल्याला खालून बोलवायचं आणि त्याच्या समोर पुढच्या आकड्याचं पाकीट फोडायचं. मागंपुढं करायचं नाही. आधी फोडायचं नाही. झाकली मूठ ती झाकलीच ठेवायची.

पण पाकीट करणाऱ्यानं कागद स्वस्तातला वापरला होता. विसाव्या-एकविसाव्या पाकिटाच्या सुमारास सिस्टर डबा पुसत होत्या. टेबलामागं मोठी खिडकी, सकाळचं ऊन थेट आत. एक पाकीट हातात उचललं आणि आतल्या कार्डावरच्या ओळी दिसल्या. अक्षरं लागत नव्हती, पण ओळी मोजता येत होत्या. जुन्या औषधाच्या कार्डावर तीन ओळी असायच्या. नव्याच्या सूचना जास्त, म्हणून सहा. एवढीशी गोष्ट.

त्यांनी मोठ्या डॉक्टरांना सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हणाल्या. मग ठरवलं, आपण बघायचंच नाही. आता, न बघायचं ठरवलेल्या माणसाचं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. त्या रोज सकाळी पुढचं पाकीट उन्हात धरायच्या, ओळी मोजायच्या आणि परत ठेवायच्या. नुसतं बघायला काय हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच, पंचवीस पाकिटं त्यांनी नुसती बघितली.

मग टकळी आली.

हे नाव सिस्टरांनीच ठेवलं होतं. सहा वर्षांची पोर, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, आणि तोंड मिनिटभर बंद नाही. बाप घरोघरी फरशा बसवणारा, त्यामुळं वॉर्डात सगळे त्याला फरशीवाला म्हणत. बापाच्या मागं मागं हिंडून पोरगी फरशा बघायला शिकली होती. खाटेवर उपडी पडून ती जमीन तपासायची. मोठे डॉक्टर पहिल्यांदा तिला बघायला आले तेव्हा तिनं त्यांना सांगितलं, ‘तुमच्या खुर्चीखालची फरशी तिरकी आहे. माझ्या बाबांनी बसवलेली नाही.’ डॉक्टरांनी वाकून बघितलं. ती खरंच तिरकी होती.

सहा दिवस तपासण्या चालल्या. सहा दिवसांत टकळीनं सिस्टरांचं वय, नवऱ्याचा पगार, मुलाच्या परीक्षेचे मार्क, सगळं काढून घेतलं. ‘रक्त दमतं का?’ असं एकदा विचारलं. ‘तुम्ही घरी गेल्यावर पण सिस्टरच असता का?’ असंही. एकोणीस वर्षांत सिस्टरांनी एक गोष्ट कटाक्षानं पाळली होती, कुठल्याही पोरात जीव गुंतवायचा नाही. गुंतवला की काम होत नाही. टकळीनं तो नियम पहिल्या दोन दिवसांतच मोडून टाकला आणि सिस्टरांना कळलंही नाही.

फरशीवाल्याला ट्रायल म्हणजे काय ते नीट उमगत नव्हतं. ‘ट्रायल म्हणजे शिंप्याकडं कपडा घालून बघतात तेच ना?’ त्यानं विचारलं.

‘तसंच काहीसं,’ सिस्टर म्हणाल्या. ‘फक्त इथं परत उसवता येत नाही.’

सातव्या दिवशी, मंगळवारी, फरशीवाला सही करायला तयार झाला. त्याच सकाळी दुसऱ्या एका हॉस्पिटलातून पाठवलेला एक मुलगा आला. वय सात, नजर जमिनीला, कुणाशी चकार शब्द नाही. सुई टोचायला गेलेल्या नर्सच्या मनगटाला तो कडकडून चावला. त्याला आत्या घेऊन आली होती. आईबाप नव्हते, आत्याच सांभाळायची. वॉर्डानं तासाभरात त्याचं नाव घुम्या ठेवलं. त्याचे कागद तिकडूनच पुरे होऊन आले होते. फक्त सही बाकी होती.

म्हणजे बाकड्यावर दोघं बसलेली. आधी फरशीवाला, मग आत्या. आणि डब्यात पुढचं पाकीट सत्तेचाळीस.

सिस्टरांनी सकाळी ते आणि त्याच्या पुढचं, दोन्ही पाकिटं उन्हात धरली होती. सत्तेचाळिसात तीन ओळी. अठ्ठेचाळिसात सहा.

त्यांनी एकही पाकीट हलवलं नाही, फोडलं नाही, बदललं नाही. हे नीट ध्यानात घ्यायला हवं, कारण पुढं सगळं त्यावरच अडलं. त्यांनी फक्त फरशीवाल्याचे कागद हातात घेतले, त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स खिडकीकडं धरली आणि म्हणाल्या, ‘ही पुसट आहे. शेवटचे आकडे लागत नाहीत. दुसरी काढून आणा.’

झेरॉक्स अगदी स्वच्छ होती.

‘आत्ताच?’ फरशीवाला म्हणाला.

‘हो. कागद पुरे झाल्याशिवाय पाकीट फोडता येत नाही.’

तो मुकाट्यानं उठला. झेरॉक्सचं दुकान फाटकाबाहेर, तिथं कायम रांग. त्याला यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात सिस्टरांनी आत्याला आत बोलावलं. औषधवाला वर आला. सत्तेचाळीस फोडलं, जुनं औषध निघालं, घुम्याच्या फायलीला लागलं. पहिली झेरॉक्स सिस्टरांनी फाडून कचऱ्यात टाकली. मग फरशीवाला घामाघूम होऊन परतला. उशीर झाला म्हणून माफी मागत होता. अठ्ठेचाळीस फोडलं. नवं औषध. टकळीला आकडा फार आवडला. ‘मी अठ्ठेचाळीस, मी अठ्ठेचाळीस,’ असं ती दिवसभर ज्याला त्याला सांगत होती.

त्या दिवशी सिस्टर घरी गेल्या तेव्हा खुशीत होत्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा एका पोरासाठी आपल्याला काही करता आलं, असं त्यांना वाटत होतं. घुम्याचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला होता. त्यांनी तो बाजूला सारला.

नवं औषध सुरू झालं आणि टकळीचं रक्त पार तळाला गेलं. जुन्यानंही जातं, पण मग वर येतं. हे वर येईना. तिसऱ्या आठवड्यात तोंडभर फोड आले आणि तिचं बोलणं थांबलं. ज्या पोरीला ‘गप बस’ म्हणून सगळे थकले होते ती आता बोटानं दाखवायची. पाणी. चादर. दिवा बंद करा. केस गेले, नखं काळी पडली. सातव्या आठवड्यात ताप आला तो उतरलाच नाही. प्रतिजैविकं बदलून झाली, रक्त देऊन झालं, मोठे डॉक्टर दिवसातून चार वेळा यायला लागले. फरशीवाला खाटेच्या पायाशी बसून असायचा. आई उशाशी. मायलेकी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहायच्या. नवव्या आठवड्यात, सकाळचा चहा वाटून झाल्यावर, ती गेली. सिस्टर तेव्हा तिच्या हाताची पट्टी बदलत होत्या.

घुम्याचं रक्त मात्र सुधारत गेलं. चौथ्या आठवड्यात त्याच्या हाडातल्या मगजात रोगाची पेशी दिसेना. तो तसाच गप्प, तसाच चावरा. आत्या भेटेल त्याला सांगायची, ‘या सिस्टरांच्या हाताला यश आहे.’ ते ऐकलं की सिस्टर काहीतरी आणायला म्हणून आतल्या खोलीत जायच्या आणि उगाच कपाट उघडून उभ्या राहायच्या.

घरी नवऱ्याला त्यांनी सांगितलं ते टकळी गेल्यावर पंधरा दिवसांनी, जेवताना. सगळं सांगितलं. आयुष्यभर तराजू तपासलेला माणूस तो.

‘तागडीवर बोट ठेवलंस,’ तो म्हणाला.

‘मला वाटलं, तिचं भलं होईल.’

‘बोट ठेवणाऱ्या प्रत्येकाला कुणाचं तरी भलंच करायचं असतं.’ मग त्याला वाटलं असावं की आपण फार कडक बोललो. तो म्हणाला, ‘वाढ थोडा भात.’ त्यानंतर या विषयावर त्या घरात कुणी बोललं नाही.

वर्ष गेलं. एका सोमवारी फोन आला आणि ट्रायल थांबली. वेळेआधीच थांबली. चारही हॉस्पिटलांचे आकडे मधूनच तपासणारी एक समिती होती. तिनं बघितलं तर नव्या औषधावरच्या दर चार मुलांतलं एक पहिल्या तीन महिन्यांतच गेलं होतं. जुन्यावर दहांत एक. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. उरलेली पाकिटं सील करून परत मागवली गेली, डबा रिकामा झाला. पुढच्या ट्रायलला पाकिटं नाहीत, थेट फोन करून आकडा सांगायचा आणि पलीकडून उत्तर घ्यायचं, असं ठरलं. पाकिटं उन्हात धरून बघणाऱ्या सिस्टर जगात बहुधा आणखीही असाव्यात.

मोठ्या डॉक्टरांचा एक शिरस्ता होता. ट्रायलचा निकाल लागला की प्रत्येक घराला पत्र जायचं: निकाल ऐकायचा असेल तर या. ज्यांची मुलं गेली त्यांनाही. बहुतेक येत नाहीत. कशाला येतील. फरशीवाला आला.

त्याला बघून सिस्टरांनी आधी ओळखलंच नाही. माणूस निम्मा झाला होता. तो अर्धा तास डॉक्टरांच्या खोलीत होता. बाहेर आला आणि बाकड्यावर बसला, बरोबर त्याच जागेवर. सिस्टर त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. वॉर्डात कामाचा डोंगर पडला होता, तरी बसल्या.

‘डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं,’ तो म्हणाला. ‘चांगला माणूस आहे. म्हणाले, कुणाचा दोष नाही, चिठ्ठीनं ठरलं होतं.’

त्यानं खिशातून ट्रायलचं पत्र काढलं.

‘पण सिस्टर, चिठ्ठीनं नाही ठरलं. त्यांना ठाऊक नाही. माझ्यामुळं ठरलं.’

‘तुमच्यामुळं कसं?’

‘मी पहिला होतो ना त्या दिवशी. हा असा इथं बसलो होतो. माझ्या मागून ती बाई, तिच्या भाच्याला घेऊन. त्याचा आकडा सत्तेचाळीस, आमचा अठ्ठेचाळीस. आत्ता येताना तो खाली दिसला. केस आलेत त्याला.’ त्यानं जिन्याकडं बोट केलं. ‘माझी झेरॉक्स पुसट निघाली, मी दुसरी काढायला गेलो, तेवढ्यात त्यांचा नंबर लागला. नीट झेरॉक्स आणली असती तर सत्तेचाळीस आमचं होतं. आमच्या धंद्यात असं असतं बघा. पहिली फरशी सूतभर चुकली की पुढची सगळी खोली चुकते. मग शेवटच्या फरशीला नावं ठेवून काय उपयोग.’

बाकड्याची कड सिस्टरांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

‘घरी सांगितलंत हे?’

‘तिनंच काढलं. पोरीच्या आईनं. महिन्याभरानं असेल. म्हणाली, तुला साधी एक झेरॉक्स नीट काढता आली नाही. एकदाच म्हणाली. मग माहेरी गेली, ती अजून तिथंच आहे.’ त्यानं हातातलं पत्र गुडघ्यावर सरळ केलं. ‘तिचं काय चुकलं? खरंच आहे ते.’

एवढं झाल्यावर गप्प राहणं सिस्टरांना शक्य नव्हतं. नोकरी जाईल, नाव जाईल, वॉर्डातल्या बाकीच्या आईबापांचा विश्वास जाईल, हे सगळं वर्षभर त्यांना भीती घालत होतं. त्या क्षणी त्यातलं काही आठवलं नाही. त्यांना एवढंच दिसत होतं की त्यांचं ओझं हा माणूस उचलून हिंडतोय.

‘झेरॉक्स पुसट नव्हती,’ त्या म्हणाल्या.

‘होती हो.’

‘नव्हती. ऐका माझं. ती स्वच्छ होती. मी खोटं बोलले.’ आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. खिडकी, ऊन, तीन ओळी, सहा ओळी. सत्तेचाळिसात जुनं आहे हे माहीत होतं. टकळीला नवं मिळावं म्हणून त्याला खाली पाठवलं. पहिली झेरॉक्स फाडली. ‘तुमची काही चूक नाही. माझी आहे. सगळी माझी आहे.’

फरशीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं मान हलवली, दमलेल्या माणसानं हलवावी तशी.

‘तुम्ही फार चांगल्या आहात, सिस्टर.’

‘मी खरं सांगतेय.’

‘माझं मन राखायला सांगताय. कळतं मला. पण मी स्वतः बघितली ना ती झेरॉक्स. तुम्ही पुसट म्हणालात म्हणून जिन्यात उभं राहून उजेडात धरली. दुसरी प्रत होती माझ्याकडं, त्याच मशीनवरची. शेवटचे दोन आकडे पुसटच होते. सात की एक, कळत नव्हतं.’

‘ती प्रत आहे तुमच्याकडं?’

‘नाही. फेकली.’

सिस्टर उठल्या, फाईल घेऊन आल्या. काय दाखवणार होत्या, त्यांनाही ठाऊक नव्हतं. फायलीत दुसरी झेरॉक्स होती, स्वच्छ. संमतीपत्रावर वेळ होती, औषधवाल्याची सही होती, सत्तेचाळीसनंतर अठ्ठेचाळीस, सगळं नियमाबरहुकूम. फसवणूक इतकी नीट झाली होती की तिचा पुरावा कुठंच नव्हता. पाकीट उन्हात धरून दाखवावं तर पाकिटंही परत गेलेली.

‘मी तुमच्या बायकोला भेटते,’ त्या म्हणाल्या. ‘लिहून देते. सही करून देते.’

‘नको. ती म्हणेल, मीच तुम्हाला शिकवून पाठवलंय. आणि सिस्टर, तुमच्याइतका जीव तिला दुसऱ्या कुणी लावला? तुम्ही कशाला असं कराल?’

‘जीव लावला म्हणूनच केलं हो.’

यावर त्यानं त्यांच्याकडं जरा नीट बघितलं. क्षणभर सिस्टरांना वाटलं, पटलं. पण त्यानं नजर वळवली.

‘असं बोलू नका,’ तो म्हणाला. ‘घरी तिचं नाव काढलं की सगळे उठून जातात. तिची आठवण काढायला मला आता तुमच्याशिवाय माणूस नाही. तेवढं तरी राहू द्या.’

तो गेल्यावर सिस्टर तडक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. डॉक्टरांनी मात्र पहिल्या वाक्याला विश्वास ठेवला. त्यांनी चष्मा काढला.

‘किती वेळा?’

‘एकदा.’

‘नक्की?’

‘एकदाच.’

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला होता. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘मला समितीला कळवावं लागेल. एका जोडीनं निकाल बदलत नाही. बदलला असता तर…’ त्यांनी वाक्य सोडून दिलं. ‘जुन्या औषधावर ती जगली असती, असंही मी सांगू शकत नाही. मुलगा नव्यावर गेलाच असता, असंही नाही. चौघांतली तीन तगली होती. हे कुणालाच कधी कळणार नाही.’

‘मला शिक्षा करा,’ सिस्टर म्हणाल्या.

‘करू काहीतरी,’ डॉक्टर म्हणाले. पुढं सिस्टरांची बढती दोन वर्षं थांबली. वॉर्डात मनुष्यबळ नव्हतं, म्हणून बदली झाली नाही. शिक्षेत एवढंच जमलं.

सिस्टरांच्या विनंतीवरून डॉक्टरांनी फरशीवाल्याला पुन्हा बोलावलं आणि स्वतः सांगितलं. तो हात जोडून ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, ‘डॉक्टर, एक सांगू? सिस्टरांना थोडी रजा द्या. त्यांनी फार मनाला लावून घेतलंय.’

तेव्हापासून तो दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येतो. काम असलं तर संध्याकाळी, नसलं तर सकाळीच. हल्ली बहुतेक नसतंच. बसवलेल्या फरशा तो पुन्हा उखडतो, असं लोक म्हणतात, त्यामुळं कुणी बोलवत नाही. बाकड्यावर बसतो. सिस्टर चहा आणतात. तो टकळीच्या गोष्टी सांगतो, त्यांना सगळ्या पाठ झाल्या आहेत. कुठली विसरला तर त्याच आठवण करून देतात. समोरून घुम्या तपासणीला जातो, आता चांगला हातभर वाढलाय. आत्या दुरूनच हात हलवते. फरशीवाला त्या मुलाकडं कधी वाईट नजरेनं बघत नाही. उलट एकदा त्यानं त्याच्या बुटाची नाडी बांधून दिली, आणि घुम्या चावला नाही.

उठताना तो न चुकता तेच म्हणतो. ‘चूक माझी होती, सिस्टर. झेरॉक्स नीट बघायला हवी होती.’

पहिले काही महिने त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या, नाही, माझी. समजावून सांगायच्या, पुन्हा पहिल्यापासून, ओळींसकट. त्यानं तो फक्त अस्वस्थ व्हायचा, चहा अर्धा टाकून जायचा, आणि एकदा तर दोन महिने आलाच नाही. ते दोन महिने सिस्टरांनी जिन्याकडं डोळे लावून काढले.

तो परत आला तेव्हा आणखी वाळला होता. चहा प्याला, गोष्टी सांगितल्या. उठताना तेच म्हणाला, आणि भीत भीत त्यांच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

‘होतं असं,’ सिस्टर म्हणाल्या. ‘घाईगडबडीत लक्ष राहत नाही माणसाचं.’

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. ‘हो ना,’ तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.